एमडनचा कॅप्टन म्युलर: मद्रासच्या पलीकडे

पहिल्या महायुद्धातल्या एमडन या जर्मन युद्धनौकेची (क्रूझरची) सगळी चर्चा २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासचे तेलाचे टँक पेटवले तिथेच थांबते, पण तिचा कॅप्टन कार्ल फॉन म्युलरचं करिअर त्याहून खूप मोठं आहे हो. माणूस १८९१ ला नेव्हीत आला, पूर्व आफ्रिकेत असताना मलेरिया झाला तो आयुष्यभर छळत राहिला, आणि एमडन हातात आली ती थेट १९१३ मध्ये. मलायातल्या पेनांगला तर दुसरंच जहाज वाटावं म्हणून एमडनला कॅनव्हासचं खोटं चौथं धुराडं लावून बंदरात शिरला आणि रशियन क्रूझर झेमचुग बुडवली! मला मात्र त्याचं सगळ्यात मोठेपण वाटतं ते यात की व्यापारी जहाजं बुडवायच्या आधी तो त्यावरची माणसं उतरवून घ्यायचा आणि नंतर सुखरूप सोडून द्यायचा, युद्धात हे किती जण करतात?

९ नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या युद्धनौकेने एमडनला गाठलं, तिच्या तोफा मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या, त्यामुळे शेवटी जहाज प्रवाळावर चढवावं लागलं. मग माल्टा, इंग्लंड इथे कैद, १९१७ मध्ये बोगद्यातून पळायचा प्रयत्नही केला. १९२३ मध्ये गेला, पन्नाशीही गाठली नाही बिचाऱ्याने.