तळ्याखालची जमीन हिवाळ्यातही वितळते

पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, दरवर्षी वरून जेमतेम काही सेंटीमीटर वितळतो, म्हणून घाबरायचं कारण नाही, असं काहीजण म्हणतात. कोरड्या टुंड्रापुरतं ठीक आहे, तिथली वरची माती हिवाळ्यात परत गोठते. पण तळ्यांचं तसं नाही. थंडीत तळ्यावर साधारण दीड-दोन मीटर बर्फ धरतो. तळं त्याहून खोल असेल तर तळाशी पाणीच राहतं आणि खालची जमीन बारा महिने वितळत राहते. या न गोठणाऱ्या थराला तालिक म्हणतात. मला काळजी वाटते ती याची, कारण वितळलेल्या जमिनीतलं जुनं गवत-मुळं कुजली की मिथेन हा पृथ्वीचं तापमान वाढवणारा वायू निघतो.

ईशान्य सायबेरियात चेर्स्की गावाजवळच्या अशा तळ्यांतला मिथेन केटी वॉल्टर, सर्गेई झिमोव्ह हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला. हिवाळ्याच्या सुरुवातीला गोठलेल्या तळ्यावरचं भुसभुशीत हिम झाडलं, की खाली अडकलेले पांढरे बुडबुडे एकावर एक ठेवलेल्या ताटल्यांसारखे दिसतात. २००६ साली त्यांनी छापलेल्या निष्कर्षांत, जिथे बुडबुडे सर्वात जास्त येतात तिथल्या मिथेनचं वय सुमारे ३५ ते ४३ हजार वर्षं निघालं! म्हणजे मॅमथ चरायचे त्या काळातलं गवत-मुळं आत्ता कुजताहेत. काही जागी तर बुडबुड्यांचा जोर इतका, की भर थंडीतही तिथे बर्फात भोक उघडं राहतं.