फिनिक्सच्या टीमसाठी चालकविरहित टॅक्सी घ्यावी का? आणि वाळूज-शेंद्र्याच्या शिफ्टचं काय?

वाळूज_ॲडमिन
आमचे काही इंजिनिअर कामासाठी अमेरिकेत फिनिक्सला राहायला जाणार आहेत. प्रत्येकाला भाड्याची कार देण्यापेक्षा वेमोच्या (गूगलच्या समूहातली कंपनी) चालकविरहित टॅक्सीचं कंपनी खातं घ्यावं, असं चाललंय. ते खातं कसं चालतं आणि पोरांना काय शिकवून पाठवावं? शिवाय साहेब विचारायलेत, छत्रपती संभाजीनगरात सिडको ते वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींच्या आपल्या शिफ्टच्या गाड्यांना हे कधी लागू होईल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रोबो_रस्ता
कंपन्यांसाठीची ही सेवा वेमोने सप्टेंबर 2025 मध्ये आणली. कंपनीला पोर्टल मिळतं आणि कर्मचारी नेहमीचंच ॲप वापरतो. कंपनीने दिलेला कोड टाकला की भाडं पूर्ण किंवा अंशतः कंपनीच्या खात्यावर पडतं. कुठून बसायचं, कुठे उतरायचं, कोणत्या हद्दीत फिरायचं हे पोर्टलवरून बांधून देता येतं, फेऱ्या आणि खर्चही तिथेच दिसतो. यात हद्द बांधणं सगळ्यात कामाचं. मुक्काम, प्लांट आणि विमानतळ एवढंच खुलं ठेवा, म्हणजे कामाची फेरी कोणती आणि खासगी कोणती हा महिनाअखेरचा वाद मिटतो.

करार करण्याआधी प्लांटचा पत्ता ॲपमध्ये टाकून बघा. टेम्पी, चँडलर, स्कॉट्सडेल हा भाग सेवेत येतो, पण नकाशाच्या रेषेबाहेर गाडी जातच नाही. मग मुक्कामाचं हॉटेल त्या रेषेच्या आत निवडावं लागतं. वेळेचंही तसंच. फ्रीवेवरच्या (सिग्नल नसलेल्या वेगवान महामार्गावरच्या) फेऱ्या नोव्हेंबर 2025 पासून प्रवाशांना टप्प्याटप्प्याने मिळू लागल्या. ज्याला फ्रीवे मिळत नाही त्याची गाडी आतल्या रस्त्यांनी जाते आणि वेळ बराच वाढतो. पोहोचायची वेळ ॲपमध्ये दिसेल तीच धरा, नेहमीच्या नकाशातली नको.

पोरांना एवढं सांगा: फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू हवं. टपावरच्या घुमटावर आपली आद्याक्षरं दिसतात, ती बघूनच बसायचं. वेमोच्या जग्वार आय-पेस गाडीत चौघेच, तिघे मागे आणि एक पुढे. स्टिअरिंगच्या सीटवर बसायला सक्त मनाई आहे, म्हणून पाचव्यासाठी दुसरी गाडी. दार अर्धवट राहिलं तर गाडी जागची हलत नाही, कारण उतरून ते लावायला कुणी नसतं. आणि डिकीतली बॅग आधी काढायची, मग दार लावायचं.

सेन्सर_वायरिंग
वरचं सगळं बरोबर. फक्त पर्यायी सोय ठेवल्याशिवाय हे खातं घेऊ नका. ही लेव्हल 4 ची गाडी आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या भागात आणि परिस्थितीतच ती माणसाशिवाय चालते. 20 डिसेंबर 2025 ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा वेमोच्या कितीतरी गाड्या चौकांत अडकून पडल्या आणि सेवा थांबवावी लागली. बंद सिग्नलला चारही बाजूंनी थांबून पुढे जायचं, हे गाडीला येत होतं. पण खात्री करून घ्यायला ती काही वेळा दूर बसलेल्या माणसाला विचारते. एकाच वेळी शेकडो सिग्नल गेले, विचारणा तुंबल्या आणि गाड्या जागेवर थांबल्या. म्हणून शिफ्टला पोहोचणं अत्यावश्यक असेल त्या दिवसासाठी साध्या टॅक्सीचं बजेट वेगळं काढून ठेवा.

आता हेच वाळूजला लावून बघा. लाइट गेली की सिग्नल बंद, हे आपल्याकडे नवीन नाही. गाळपाच्या हंगामात रात्री उसाची ट्रॉली मागे लाल दिवा नसताना पुढे चालत असते. मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे लोंबतात, म्हणजे वाहनाची रुंदी नेमकी कुठे संपते हेच ठरत नाही. लायडरला (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला) ढीग दिसेल, पण ट्रॉली वळणार की थांबणार हा अंदाज बांधायला त्याच प्रकारच्या रस्त्यांवरची भरपूर नोंद हवी. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यानंतर खचतो, पट्टे पुसलेले, गतिरोधकाला रंग नाही. नकाशा आज अचूक केला तरी पुढच्या पावसाळ्यात तो शिळा.

कायद्याचं तर आधीच अडतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 3 ला परवानाधारक चालक लागतो, आणि चालकविरहित गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही असं गडकरींनी डिसेंबर 2023 मध्ये जाहीर सांगितलंय. रोजगार हे त्यांचं कारण आहे. ते मला पटतं, कारण आपल्या भागात कितीतरी घरं क्रूझर जीपच्या एका स्टिअरिंगवर चालतात.

वाळूज_ॲडमिन
मग शेंद्र्याच्या ऑरिकसारख्या नव्या औद्योगिक वसाहतीत? तिथले रस्ते तर रुंद आहेत.

सेन्सर_वायरिंग
रस्ते चांगले आणि केबल-पाइप जमिनीखालून, त्यामुळे खोदाई कमी. पण रस्ता सार्वजनिकच आहे, कलम 3 तिथेही लागतं. कंपनीच्या भिंतीच्या आत गेट ते कामाची शेड अशी ताशी 10-15 किलोमीटरची शटल मात्र विचार करण्याजोगी आहे. फोर्कलिफ्टची वाट वेगळी हवी आणि थांबवायचं लाल बटण आत-बाहेर दोन्हीकडे हवं.

शिफ्ट_ट्रान्सपोर्ट
साहेबांना चालकाविना गाडी हवी आहे की पोर्टलवर मिळतो तो हिशेब, हे आधी विचारा. हिशेबच हवा असेल तर तो आजच्या क्रूझर आणि ट्रॅव्हलरवरही मिळतो. एआयएस-140 या सरकारी मानकाचा लोकेशन ट्रॅकर टॅक्सी परवान्याच्या गाडीला लागतोच. त्याच्या डेटावर बजाजनगर, पंढरपूर फाटा, सिडको असे थांबे आखून घ्या आणि हद्द सोडली की मेसेज येईल असं लावा. बिघाड बहुतेक तीनच ठिकाणी होतो: सिमचं रिचार्ज संपतं, गॅरेजमध्ये बॅटरी काढल्यावर ट्रॅकरची तार परत जोडत नाहीत, किंवा पॅनिक बटण असतं पण अलर्ट कुठेच पोहोचत नाही. ट्रॅकरच्या आतल्या बॅटरीवर 4 तास लोकेशन यायला हवं. गाडीची बॅटरी काढून ठेवा आणि मोजा. त्याआधीच बंद पडला तर गाडी परत पाठवा.

बिलाचंही बघा. चालक धरून 13 आसनांपर्यंतच्या गाडीच्या भाड्यावर जीएसटीच्या कलम 17(5) मुळे इनपुट क्रेडिट (बिलात भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे, ती सोय देणं कायद्यानेच बंधनकारक असेल तर. दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 खालच्या ऑफिसात रात्री 9:30 ते सकाळी 7 या वेळेत काम करणाऱ्या महिलांची घरापर्यंतची ने-आण त्या अपवादात बसते. म्हणून त्या फेऱ्यांचं बिल व्हेंडरकडून वेगळं घ्या, सोबत त्या रात्रीचा रोस्टर आणि महिलांची लेखी संमती जोडा. एकत्र बिल आलं की ऑडिटला कोणती फेरी कोणाची ते दाखवता येत नाही आणि सगळंच क्रेडिट अडकतं.