फॅटी लिव्हर निघालंय, प्रोटीन वाढवू का कमी करू?

चक्रावलेला_जीव:
मुतखड्याच्या संशयाने सोनोग्राफी केली, खडा काही सापडला नाही पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ, ग्रेड वन फॅटी लिव्हर. एसजीपीटी (रक्तातली लिव्हरची तपासणी) ५८. दारूला हात लावत नाही, वजन मात्र ८४ आणि सगळं पोटावर. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. भाऊ जिमवाला, तो म्हणतो प्रोटीन वाढव, चरबी जळेल. मावशी म्हणते लिव्हर आधीच थकलंय, त्यात प्रोटीनचा भार कशाला. डॉक्टरांनी "वजन कमी करा" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं. प्रोटीनने लिव्हरच्या चरबीचं नक्की होतं काय, आणि भाऊ हॉर्मोन्सचंही काहीतरी सांगतो, ते काय प्रकरण आहे?

निवांत_वाचक:
मावशींचं अगदीच हवेतलं नाही, पण ते दुसऱ्या दुखण्याचं आहे. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं तेव्हा, अमोनिया डोक्यात चढायचा म्हणून पूर्वी प्रोटीन तोडायचे, आता तिथेही तोडत नाहीत कारण स्नायू झडतात. उलट क्वाशिओर्कर बघा, प्रोटीनला मुकलेली मुलं, अंगावर सूज आणि लिव्हर चरबीने भरलेलं. लिव्हर चरबी बाहेर पाठवतं ती व्हीएलडीएल नावाच्या कणांच्या गाठोड्यात बांधून, आणि गाठोड्याचं फडकं प्रोटीनचं असतं. फडकं नाही तर माल गोदामातच पडून राहणार (एवढं एकच कारण नसतं तिथे, पण कल्पना यावी म्हणून सांगितलं).

तुमच्याकडे फडकं कमी नाहीये, मालच जास्त येतोय. फॅटी लिव्हरमधली साधारण ६० टक्के चरबी अंगावरच्या चरबीतून सुटून रक्तावाटे येते, पाव हिस्सा लिव्हर स्वतः साखर-स्टार्चपासून तयार करतं, उरलेली जेवणातली. म्हणजे ताटातलं तेल हा सगळ्यात छोटा आरोपी.

जर्मनीत टाइप टू डायबेटिसच्या ३७ जणांवर एक प्रयोग झाला, २०१७ साली छापून आला. सहा आठवडे ३० टक्के कॅलरी प्रोटीनमधून, एका गटाला प्राणिज, दुसऱ्याला वनस्पतीज. लिव्हरची चरबी दोन्हीकडे उतरली, ३६ ते ४८ टक्क्यांनी! पण तुलनेला कमी प्रोटीनचा गट नव्हता, त्यामुळे सगळा हार प्रोटीनच्या गळ्यात घालू नका, ताटातून जे बाहेर गेलं त्याचंही श्रेय आहेच.

दोन_स्कूप:
हे शेवटचं वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर. मी तीन महिने व्हे (दुधातल्या प्रोटीनची) पावडर रोज दोनदा ढोसली, बाकी खाणं जैसे थे, कोल्ड्रिंकसकट. वजन दोन किलोने वाढलं आणि ग्रेड तोच. प्रोटीनच्या ग्रॅमलाही चार कॅलरी असतातच, फुकट काही नाही. कशाच्या तरी जागी घ्या, वरून ओतू नका.

चक्रावलेला_जीव:
कळलं. पण हॉर्मोन्सचं राहिलं ना. भाऊ म्हणतो प्रोटीनने इन्सुलिन चढतच नाही.

रात्रपाळी:
चढतं की. प्रोटीन खाल्लं की इन्सुलिनही सुटतं आणि ग्लुकागॉनही, जोडीने. आणि लिव्हरसाठी खरा खेळ ग्लुकागॉनचा आहे, ज्याला बिचाऱ्याला कुणी विचारत नाही. रक्तात अमिनो आम्लं वाढली की स्वादुपिंड ग्लुकागॉन सोडतं, ते लिव्हरला सांगतं की ही अमिनो आम्लं युरिया करून निकालात काढ आणि जमल्यास साठलेली चरबीही जाळ. आता गंमत अशी की चरबीने भरलेल्या लिव्हरला हा निरोप नीट ऐकू येत नाही, मग अमिनो आम्लं रक्तातच रेंगाळतात, स्वादुपिंड आणखी ओरडतं, ग्लुकागॉन चढंच राहतं आणि ते उपाशीपोटीची साखरही वाढवतं. इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिनचा निरोप शरीराला नीट ऐकू न येणं) सगळ्यांना माहितीये, हा त्याचा मुका भाऊ.

दुसरं एफजीएफ२१. हे लिव्हरचंच हॉर्मोन. खाण्यात प्रोटीन कमी पडलं की चढतं, आणि फॅटी लिव्हरमध्येही चढलेलंच असतं. वर सांगितलेल्या जर्मन प्रयोगात चरबीबरोबर तेही उतरलं. आणि दुसरीकडे याच हॉर्मोनच्या नकलेची इंजेक्शनं फॅटी लिव्हरवर औषध म्हणून तपासतायत! मला आधी हे उलटंपालटं वाटायचं. पण ते लिव्हरची हाकाटी आहे असं धरा, प्रोटीन मिळालं आणि चरबी हटली की हाकाटी थांबते. म्हणून आकडा चढा दिसला म्हणजे छान चाललंय असं नाही. जीएलपी-१, पीवायवाय वगैरे भूक आवरणारी आतड्यातली हॉर्मोन्स प्रोटीनने वाढतात, त्याचा फायदा एवढाच की पोट लवकर भरतं.

निवांत_वाचक:
एक राहिलं, प्रोटीन वाढवण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या, किडनी अधू असेल तर हिशोब वेगळा.

चक्रावलेला_जीव:
०.९ आहे. मग कोल्ड्रिंक बंद, स्टार्च थोडा कमी आणि त्या जागी प्रोटीन, असंच ना? तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी करतो.

रात्रपाळी:
हो तसंच. वजन ४-५ किलोने उतरलं तरी लिव्हरला फरक पडतो. पण सोनोग्राफीला थोडाथोडका फरक दिसत नाही, तेव्हा ग्रेड तोच आला तर लगेच मावशींकडे जाऊ नका, फायब्रोस्कॅनचं (लिव्हरची चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी) विचारा डॉक्टरांना.