मदत हवी आहे: बर्फाखालचा रायोलाइट, एकीकडे स्फोट आणि दुसरीकडे नुसता लाव्हा?

कुणी व्होल्कॅनोलॉजीवाले आहेत का इथे? आइसलँडच्या टोर्फायोकुल ज्वालामुखीबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी पार अडकलोय.

शेवटचा उद्रेक 1477 च्या सुमारास, तिथल्याच लांडमानालाउगारचा तो ऑब्सिडियनचा (झटकन थिजून काच झालेला) लाव्हा त्यातलाच, इथपर्यंत कळलं. पण मला रस आहे तो हिमयुगातल्या उद्रेकांत. साधारण 70 हजार वर्षांपूर्वी इथे जाड बर्फाखाली मोठा रायोलाइट (सिलिका जास्त असलेला चिकट मॅग्मा) उद्रेक झाला, त्यातला राउदुफोसाफ्योत्ल हा सपाट माथ्याचा डोंगर, खाली बारीक राखेचे थर आणि वर लाव्हाची टोपी, म्हणजे आधी स्फोट झाले आणि बर्फ फोडून वर आल्यावर लाव्हा वाहिला. आणि त्याच ज्वालामुखीतला ब्लाउह्नुकुर बघा, तोही बर्फाखालचाच, तर तिथे स्फोट जवळजवळ नाहीतच, नुसते लाव्हाचे छोटे छोटे लोळ, काचेसारखे थिजलेले. असं का? मॅग्मातलं पाणी कमीजास्त होतं म्हणून, की वर येताना गॅस आधीच निसटला म्हणून, की बर्फाच्या जाडीमुळे?

दुसरं, थिजलेल्या लाव्हाच्या काचेत उरलेल्या पाण्यावरून दाब (दाब जास्त तर पाणी जास्त उरतं) आणि दाबावरून वरच्या बर्फाची जाडी काढतात म्हणे. लॉजिक पटतं, पण ऑब्सिडियन नंतरही बाहेरचं पाणी शोषतो ना, त्याचा पर्लाइट (पाणी मुरलेली काच) होतो, मग मूळचं पाणी आणि नंतर मुरलेलं पाणी वेगळं कसं ओळखायचं? इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीत (काच कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषते ते मोजतात त्यात) हा फरक दिसतो का?

बेसॉल्टचं उत्तर नको प्लीज, ते दख्खनमुळे पाठ झालंय 😅 सोप्या भाषेत सांगितलंत तर फारच बरं.