घरपट्टीची आकारणी पटत नसेल, तर आक्षेप घ्यावा की भरून मोकळे व्हावे?

महालकर:
नागपुरात घरपट्टीची वाढीव आकारणी हातात पडली की बहुतेक घरमालक आकडा पाहून चिडतात आणि शेवटी भरून टाकतात. माझ्या मते हे चूक आहे. वार्षिक भाडेमूल्यातून (घर भाड्याने दिल्यास वर्षाला येऊ शकेल त्या भाड्यातून) दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केल्यावर जे करयोग्य मूल्य उरते, त्यावर कर बसतो. त्यामुळे गच्चीवरचे टिनाचे शेड स्लॅबची खोली म्हणून किंवा मुलगा राहतो तो वरचा मजला भाड्याचा म्हणून नोंदला गेला, तर ती चूक दुरुस्त होईपर्यंत दरवर्षीच्या बिलात उतरत राहते. नोटिशीतल्या मुदतीत लेखी आक्षेप द्यावा, सोबत मंजूर नकाशा, खरेदीखत आणि त्या मजल्याचे वीजबिल जोडावे, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय झोन कार्यालयातून निघू नये.

मानेवाडा रोड:
मी सहमत नाही. जकात गेली, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही (स्थानिक संस्था कर) गेला. अशा वेळी रस्ते, गडरलाइन आणि दिवाबत्तीसाठी महापालिकेने स्वतःच्या हक्काचे उत्पन्न आणायचे तरी कुठून? जुन्या वस्त्यांत कित्येक घरांची आकारणी वर्षानुवर्षे बदललेली नसते आणि नवीन ले-आउटमधला माणूस तेवढ्याच जागेचा जास्त कर भरतो. शिवाय फेरमोजणी मागितली की टेप साऱ्या घरात फिरतो. मागाहून वाढवलेली खोलीही त्यात येते, हे आक्षेप घेणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.

महालकर:
खोली असेल तर तिचा कर द्यावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या घरांचा कर कमी असेल, तर त्यांचीही मोजणी व्हावी. परंतु त्या तुटीपायी मुळात नसलेला स्लॅब दुसऱ्याच्या नावावर चढवणे न्यायाचे नाही.

लक्ष्मीनगर:
आपण दोघांनीही अपिलाची बाजू सोडली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४०६ प्रमाणे न्यायाधीशांपुढे अपील करण्यास १५ दिवसांचीच मुदत असते, त्याआधी आयुक्तांकडे तक्रार होऊन तिचा निकाल लागलेला असावा लागतो, आणि वादातली रक्कम महापालिकेत जमा करावी लागते. ज्या निवृत्त माणसाला वाढलेला करच झेपत नाही, त्याने ती रक्कम आधी कुठून भरावी? ही अट मला अन्यायाची वाटते. म्हणून सारी भिस्त पहिल्या सुनावणीवर ठेवावी आणि तिथे कागदांनिशी स्वतः हजर राहावे. मात्र वाद चालू आहे म्हणून बिल अडवून धरू नये, कारण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. ‘आक्षेप कायम ठेवून’ असे लेखी कळवून रक्कम भरावी.

मानेवाडा रोड:
रक्कम जमा करण्याची अट मला योग्यच वाटते. ती काढली, तर खरी तक्रार असलेल्यांच्या आधी मोठे थकबाकीदारच अपिलांची रांग लावतील आणि वसुली वर्षानुवर्षे लोंबकळेल. पहिली सुनावणी नीट व्हावी, एवढे मात्र मान्य.