शब्दचर्चा : ‘नशीब’ कोणी कोणाला म्हणायचं?

प्रश्न :

मुलाच्या बास्केटबॉलच्या बुटाचा सोल वीस दिवसांत निघाला. पावती घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने बूट उलटसुलट करून पाहिला, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "नशीब समजा काका, बदलून मिळतायत." बूट मिळाले, पण ते वाक्य घरापर्यंत डोक्यातून गेलं नाही. पावती होती, तीन महिन्यांची हमी होती. मग यात माझं नशीब कुठून आलं?

घरी हे बोललो तर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीपण कवाय लेनर्डला हेच म्हणता की!" तेही खरं. १२ मे २०१९, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला सामना, टोरंटो रॅप्टर्स विरुद्ध फिलाडेल्फिया, मालिकेतला सातवा. तिकडे रविवारची रात्र, आपल्याकडे सोमवारची सकाळ, गॅसवर दूध. ९०-९० अशी बरोबरी. टोरंटोचा लेनर्ड उजव्या कोपऱ्याकडे पळाला, अंगावर फिलाडेल्फियाचा सात फुटी जोएल एम्बीड. भोंगा वाजला तेव्हा बॉल हवेत होता. रिंगवर एक टप्पा, दुसरा, तिसरा, चौथा... आणि आत. मी ओरडलो, "काय नशीब आहे या माणसाचं!" मुलाला ते तेव्हाच खटकलं होतं आणि अजून खटकतं.

दोन्हीकडचं ‘नशीब’ एकच का?

उत्तर :

आधी शब्दाचं मूळ बघू. नशीब अरबीतून आपल्याकडे आला, मूळ अर्थ वाटा, हिस्सा. संस्कृतातल्या ‘भाग्य’मध्येही ‘भाग’च आहे. दोन वेगळ्या घरांतले शब्द, पण दोन्हींच्या मुळाशी वाटणीच आहे, आणि आपणही ‘वाट्याला आलं’ असंच म्हणतो. ‘दैव’ देवाकडून येतं, ‘प्रारब्ध’ आधीच्या कर्मातून, आणि सटवाईने सहाव्या रात्री कपाळी लिहिलं ते लिहिलं. या सगळ्यांत देणारा वर कुठेतरी असतो आणि आपण हात पसरून खाली. म्हणून हमीतल्या बुटाला ‘नशीब’ म्हटलं की हक्काची वस्तू दान होते. तुम्हाला नेमकं तेच बोचलं.

‘योगायोग’ मात्र निराळा. त्याला देणारा नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच.

उत्तर :

माझं स्वतःचं दुकान आहे, म्हणून लिहितो. त्या मुलाच्या मनात वाईट नसणार. मालक बदली द्यायला कुरकुर करतो, या पोराने आत जाऊन शब्द टाकला असेल आणि काम झाल्याचा आनंद तोंडातून असा बाहेर पडला. पण ‘नशीब’च्या पुढे ‘समजा’ लागलं की ती जवळजवळ तंबी होते. "नशीब समज, एवढ्यावर सुटलास" हे आपण कोणाला म्हणतो ते आठवा. नुसतं ‘नशीब’ मात्र किती गोड आहे! "नशीब, पावती ठेवली होती." "नशीब, पाऊस थांबला." हा सुटकेचा श्वास आहे, आणि तो ज्याचा त्यानेच सोडायचा.

आमच्या धंद्यात नशीब गिऱ्हाईकाचं नसतं, दुकानदाराचं असतं. सकाळची पहिली विक्री झाली की आम्ही ‘भवानी झाली’ म्हणतो, ते पैसे कपाळाला लावतो, मग गल्ल्यात टाकतो. रात्री दुकान ‘बंद’ करत नाही, ‘वाढवतो’. बदलीचा माल देताना माझ्याकडच्या पोरांना एकच वाक्य शिकवलंय : "तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा."

उत्तर :

मी नागपूरला शाळेच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. त्या बॉलबद्दल तुमचा मुलगा बरोबर आहे, असं मला मनापासून वाटतं. रिंगचा व्यास १८ इंच, बॉलचा साधारण साडेनऊ. बॉल सपाट आला तर त्याला रिंगचं तोंड अरुंद मिळतं, उंचावरून आला तर जास्त मोकळं. एम्बीडच्या हातावरून काढायचा म्हणून लेनर्डने तो एरवीपेक्षा उंच सोडला. बोटांवरून सुटताना मिळालेली उलटी फिरकी रिंगवर आपटतानाचा जोर कमी करते, बॉल दूर उडण्याऐवजी तिथेच घुटमळतो. चार टप्पे पडतील हे त्यालाही ठाऊक नव्हतं, तेवढा भाग योगायोगाचा म्हणू. पण त्या सामन्यात त्याने ३९ वेळा बास्केटवर बॉल टाकला, १६ आत गेले, ४१ गुण केले. शेवटचा बॉलही आपणच मारायचा ही जबाबदारी त्याने घेतली होती. तिला ‘वाट्याला आलं’ कसं म्हणणार?

तुम्हाला निखळ ‘नशीब’च हवं असेल तर ते एनबीएच्या ड्राफ्ट लॉटरीत बघा. नव्या खेळाडूंतून पहिली निवड कोणत्या संघाने करायची, हे तिथे ठरतं. १४ चेंडूंतून ४ काढतात, त्यांच्या १,००१ जोड्या होतात, त्यातल्या १,००० संघांमध्ये वाटलेल्या असतात. वाटलेल्या! पहिल्या उत्तरातला ‘वाटा’ तो हाच. २०२५ मध्ये डॅलसच्या संघाकडे हजारातल्या १८ होत्या, तरी त्यांची निघाली आणि त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंतला कूपर फ्लॅग त्यांना मिळाला. त्याआधी तीनच महिने त्यांनी आपला मोठा खेळाडू लुका डोन्चिच दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता आणि चाहते चिडले होते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे उलट झालं. आणि याला लॉटरी तरी कशाला म्हणायचं? म्हाडाच्या घरांमुळे ‘सोडत’ हा शब्द घराघरांत पोचलाय. तोच वापरा.

मूळ प्रश्नकर्ता :

सगळ्यांचे आभार. मुलाला वाचून दाखवलं. लेनर्डच्या बाबतीत मी शब्द मागे घेतला. लेनर्ड स्वतः ‘नशीब’ म्हणाला तर तो त्याचा नम्रपणा, मी म्हटलं की त्याच्या हातातलं काढून घेतल्यासारखं होतं.

दुकानात परत गेलो नाही. त्या पोराने माझ्यासाठी आत जाऊन विचारलं असेल, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वेळी त्याला तेवढं बोलून येईन.

आता मुलाचा नवा प्रश्न : मग फिलाडेल्फियाचं काय झालं म्हणायचं? ‘दुर्दैव’ मला मोठं वाटतं, ‘हरले’ पुरत नाही.

उत्तर :

थोडक्यात हुकलं.