शब्दचर्चा : लढाईहून परत आलेल्याला काय म्हणावं? (नागपूर-कामठीकरांच्या गप्पा; नावाऐवजी वस्ती)

मनीषनगर
आमच्या शेजारचे हवालदार काका मागच्या आठवड्यात वारले. वय ७९. पायदळातले, १४ गार्ड्स या पलटणीचे, एकाहत्तरच्या युद्धात पूर्व आघाडीवर होते. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला : 'शहीद जवानास भावपूर्ण श्रद्धांजली'. मागे लढाऊ विमान (पायदळवाल्याच्या मागे विमान!), खाली नऊ इच्छुक नगरसेवक. काकू गॅलरीतूनच म्हणाल्या, "काढायला सांग रे तो. सकाळी चहा घेऊन, पेपर वाचून गेले ते. शहीद कुठून झाले?"

फ्लेक्स उतरवला. आता तेरवीच्या आधी पेपरात द्यायचा मजकूर माझ्या गळ्यात आलाय. गंगासागरच्या लढाईत त्यांच्याच पलटणीचे लान्सनायक अल्बर्ट एक्का पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पडलेल्यासाठी आपल्याकडे हुतात्मा, शहीद, वीरगती, सगळं आहे. त्याच चिखलातून चालत परत आलेल्यासाठी काय आहे?

सक्करदरा
शहीद नकोच. लष्कराच्या कागदोपत्री तो शब्द लढाईत पडलेल्यालाही लावत नाहीत. 'हुतात्मा'मधला 'हुत' म्हणजे आहुती पडलेला, तोही बसत नाही. सरळ 'माजी सैनिक' लिहा. सैनिक कल्याण कार्यालयात हाच शब्द चालतो.

इतवारी
'माजी' खटकतो. मूळ अरबी, अर्थ होऊन गेलेला. माजी सरपंच, माजी आमदार : खुर्ची गेली की माजी. फौजेत हुद्दा घरी आल्यावरही नावाआधी राहतो, कंसात 'निवृत्त' जोडतात एवढंच.
बाकी शब्दांचं नशीब बघा. सिपाही हा पायदळातला पहिला हुद्दा, आणि आपल्या कचेरीत शिपाई म्हणजे फाइल आणि चहा आणणारा.

जुनी कामठी
भाऊ, काऊन एवढा विचार करून राहिला? आमची आजी आजोबांना शेवटपर्यंत 'पलटणीतले' म्हणे. घरात नाव घ्यायचं नाही, म्हणून तेच नाव.
पण एक सांभाळा. पेपरवाले पलटणीचं 'प्लाटून' करून टाकतात. प्लाटून म्हणजे तीसेक माणसं. जवान 'मेरी पलटन' म्हणतो तेव्हा तो पूर्ण बटालियनबद्दल बोलत असतो, सात-आठशे माणसांबद्दल. मराठा लाइट इन्फन्ट्रीची 'जंगी पलटण', 'काळी पाचवी' तशाच. इकडे कामठीत गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर असल्यानं हा फरक पानठेल्यावरही कळतो.

इंदोरा
नावाआधी 'कै.' लावण्याआधी घरच्यांना विचारा. आमच्या आजोबांच्या बातमीत पेपरवाल्यानं परस्पर 'कैलासवासी' छापलं होतं. महार रेजिमेंटचे ते, कामठीत १९४२ ला उभ्या राहिलेल्या दुसऱ्या पलटणीतले. घर बौद्ध. आमच्यात 'कालकथित' लिहितात, आणि तेरवी नसते, पुण्यानुमोदन असतं. पालीत 'कालं करोति' म्हणजे मरण पावणे. त्या शब्दात कैलास नाही, वैकुंठ नाही, रणांगणही नाही. वेळ झाली, गेले. मला तर वाटतं, म्हातारपणी घरी गेलेल्या सैनिकाला हाच शब्द जास्त शोभतो.

इतवारी
वा! वीरगळ आठवला. 'कल्लु' म्हणजे कानडीत दगड, वीराचा दगड तो वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. परत येऊन नांगर धरला त्याचा दगड कोणी बसवत नाही.

मनीषनगर
सगळ्यांचं वाचलं. दर नोव्हेंबरात मीच काकांना स्कूटरवर बँकेत न्यायचो, हयातीचा दाखला द्यायला. खिडकीपाशी ताठ उभे राहून ते एकच वाक्य म्हणायचे, "हवालदार हजर आहे." कारकून हसायचा. म्हणजे स्वतःसाठी त्यांनी शब्द ठरवलेलाच होता, मीच उगाच कोश उघडून बसलो.

मजकूर असा केला : 'हवालदार', मग नाव, त्याखाली '१४ गार्ड्स', मग 'सैन्यसेवा १९६४ ते १९८४'. माजी नाही, कै. नाही. शेवटी मी एक 'लढवय्ये' घातला होता. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "पलटणीचं नाव बरोबर आहे. ते लढवय्ये खोड. वीस वर्षं सोसायटीचा पाण्याचा व्हॉल्व्ह सांभाळला त्यांनी, कोणाशी एकदा भांडले नाहीत."

खोडला.